अठ्ठेचाळीस बाटल्या आणि एक बरणी

“मग कुठली बाटली चालेल, ते तरी सांगा.”

ब्रदर बस्त्यावांनी हातातली रिकामी बाटली कानाशी नेली, नखाने टिचकी मारली आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

“ब्रदर, मी विचारतेय...”

“थांब. ही काहीतरी लपवतेय.”

बाटली डाव्या बाजूला गेली. डाव्या बाजूला आता एकोणीस झाल्या होत्या. उजव्या बाजूला चार.

जोविताने ओठ आवळले. पोतंभर बाटल्या तिने भंगारवाल्याकडे उकिडवं बसून निवडल्या होत्या, सोड्याच्या गरम पाण्यात दोनदा धुतल्या होत्या. सगळ्या बिअरच्याच. जाड, तपकिरी, दाब सोसणाऱ्या. सरबताची, तेलाची, पाण्याची एकही घेतली नव्हती. तेवढं तिला कळत होतं.

तेवढं कळत होतं, म्हणूनच राग येत होता.

वसईच्या पश्चिम पट्टीत, केळीच्या वाडीत, एका बावखलाच्या काठी ब्रदर लोकांचं जुनं कौलारू घर आहे. त्या तळ्याचं गोडं पाणी ओसरीच्या पायरीपासून दहा पावलांवर. ब्रदर बस्त्याव त्या घरात एकसष्ट वर्षं राहिले. बाग सांभाळली, चूल सांभाळली, आणि वर्षातून एकदा, घराच्या पालक संताच्या सणाला, जवाची बिअर केली.

त्या बिअरचं आंबवण एका चिनी मातीच्या बरणीत असे. कुणा परदेशी ब्रदराने ते फार पूर्वी बोटीतून आणलं होतं. दर आठवड्याला त्याला जवाचं गोड पाणी पाजायचं, थंड जागी ठेवायचं, मरू द्यायचं नाही. ब्रदर बस्त्यावांनी ते मरू दिलं नव्हतं.

आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. सण झाला की वरिष्ठ त्यांना म्हाताऱ्या ब्रदरांच्या घरी हलवणार होते, लांब, घाटावर. तिथे बरणी नेता येणार नव्हती.

“ज्याच्या बाटल्या मला पटतील, त्याला बरणी,” असं त्यांनी सांगून टाकलं होतं. “नाही पटल्या तर केळीच्या बुडात ओतीन.”

जोविता दोडती शेजारच्या आळीतली. पाच वर्षं बेल्जियममध्ये बिअर करायलाच शिकून आलेली. तिथल्या प्रयोगशाळेत तिने कितीतरी आंबवणं हुंगली होती. या बरणीला होता तसा, पिकलेलं केळं आणि सुकी लवंग असा एकत्र वास काहींना होताही, पण त्या वासामागे तिचं अंगण नव्हतं. अशी एक चव बेवारशी मरते तेव्हा गावाचा एक अवयव गळून पडतो, असं ती मानत होती. आणि मानत होती तसं बोलतही होती, कुणी विचारलं नाही तरी.

पदवी बाजूला ठेवून ती तीन महिने या ओसरीवर शिकत होती. निदान, बाजूला ठेवली आहे असं तिला वाटत होतं.

“अंगठा घाल, बाय,” ब्रदर म्हणाले.

तिने पुढच्या बाटलीच्या तोंडात अंगठा फिरवला. “गुळगुळीत आहे.”

“उलटा फिरव.”

उलटा फिरवला. नखाला काहीतरी अडलं. तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला होता.

तिने ती बाटली स्वतःच डावीकडे ठेवली.

“तुम्ही कशावर विश्वासच ठेवत नाही, ब्रदर.”

“बाटलीवर कसला विश्वास? ती काय चर्चात मिस्साला येते?”

आत स्वयंपाकघरात कार्मेलमावशी हसली. गेली वीस वर्षं या घरात रांधणारी ही बाई भिंतीपलीकडचं सगळं ऐकत असे आणि भिंतीपलीकडूनच उत्तर देत असे.

“वीस वर्षांत माझ्या रश्श्यावर तरी कुठे ठेवलाय! अजून पहिला घास मलाच खायला लावतो.”

“तू अजून जिवंत आहेस ना?” ब्रदर म्हणाले. “म्हणून मी जेवतो.”

ओसरीच्या कोपऱ्यात बिअरचं मोठं पिंप होतं, खाली तोटी बसवलेलं. त्यातलं आंबणं संपत आलं होतं. आज बाटल्यांत भरून बुचं मारली, तर तीन आठवड्यांनी सणाला फेस धरणार होता. उद्यावर गेलं की बिअर चपटी, बिनफेसाची.

पिंपाशेजारी सोड्याची एक रिकामी प्लास्टिकची बाटली उभी होती. जोविता तिच्याकडे मघापासून तिरक्या नजरेने बघत होती.

“ही कशाला?”

“तो माझा चुगलखोर.”

“म्हणजे?”

“काच सांगत नाही, बाय. आत कितीही दाब चढो, तोंड मिटून बसते. आणि बोलते तेव्हा एकदाच बोलते.” ब्रदरांनी प्लास्टिकची बाटली हातात दाबली. ती कुरकुरली. “हा फुगतो. टणक होतो. दर घाण्याबरोबर एक याच्यात भरायची आणि रोज दाबून बघायची. दगडासारखा लागला की समजायचं, बाकीच्याही तशाच झाल्यात. सगळ्या गार पाण्यात.”

“तिकडे आम्ही दाबाचा काटा लावायचो.”

“काट्यावर कोण लक्ष ठेवायचं?”

“कुणी कशाला? काटाच असतो तो.”

“हं.”

“आणि प्लास्टिक मी वापरणार नाही, ब्रदर. एकच काय, अर्धीसुद्धा नाही. आपल्या बावखलात आज मासे कमी आणि पिशव्या जास्त आहेत. माझ्या तत्त्वात ते बसत नाही.”

“हे सोड्याचंच आहे. दाबासाठीच केलेलं.”

“तरीही.”

ब्रदरांनी चुगलखोराला परत जागेवर ठेवलं, जरा हळूच, त्याला ऐकू गेलं असेल अशा बेताने.

कार्मेलमावशी पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या हातात एक हिरवी बाटली होती, लख्ख घासलेली.

“ही माझी. जावयाने आणलेली. यंदा मलाही हिच्यात भरून दे. सगळ्यांना तुझ्या त्या काळ्या बाटल्या, मला हिरवी.”

ब्रदरांनी हात पुढे केला नाही. मानेनेच जोविताकडे खूण केली.

जोविताने बाटली उन्हात धरली. फिरवली. अर्ध्यावर थांबली.

“मावशी, लेबल कशाने काढलंत?”

“सुरीने. मग काय, दाताने?”

“ओरखडा आहे. हा बघा, इथून इथपर्यंत.” तिने नख फिरवलं. “काचेवर ओरखडा म्हणजे दाबाला दाखवून दिलेली वाट. आत जोर चढला की काच इथूनच जाणार. ही नाही चालणार.”

“एवढीशी रेघ! माझ्या कपाळावर हिच्याहून मोठी आहे, मी फुटले का?”

“बरोबर,” ब्रदर म्हणाले.

ते जोविताला म्हणाले होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा.

तिला वाटलं, आपला चेहरा तापलाय. तिने बाटली मावशीच्या पुढ्यात ठेवली आणि उगीच पोत्याचं तोंड दुमडलं. मावशी बाटली उचलून न नेता तिथेच पायरीवर बसली, फुगून.

“एक विचारू?” ब्रदर म्हणाले.

“विचारा ना.”

“तुला त्या गाडीवाल्याने तर पाठवलं नाही?”

ऊन तसंच होतं. तिचा चेहरा उतरला.

गेल्या महिन्यात पांढऱ्या गाडीतून बिअरच्या कारखान्याचा एक माणूस आला होता. बरणीबद्दल ऐकून. त्याने ब्रदरांच्या पायांना हात लावला होता, फोटो काढले होते, जाताना मधाचा डबा ठेवून गेला होता. तो मध अजून कुणी उघडला नव्हता.

“मला?” जोविता म्हणाली. “मला पाठवलं?”

“तोही छान बोलत होता. गावाची चव, गावाचा वारसा... असंच काहीतरी.”

“ब्रदर, मी शेजारच्या आळीत जन्मले.”

“तोही म्हणाला, त्याची आजी आगाशीची.”

तिचा आवाज खाली गेला.

“मग मीही विचारते. काल ती गाडी पुन्हा फाटकाशी होती. मी पाहिली.”

“होती.”

“तुम्ही बरणी त्यालाच द्यायची ठरवलीय? तसं असेल तर या बाटल्या माझ्याकडून घासून कशाला घेता?”

ब्रदरांनी पोत्यातली पुढची बाटली उचलली. टिचकी मारली. ऐकली.

“सांगा ना.”

“ही बरी आहे,” ते म्हणाले, आणि ती उजवीकडे ठेवली.

जोविता उठली. पायरीखाली उभ्या असलेल्या स्कूटरवरून तिने एक मोठं खोकं सोडवलं आणि दोन्ही हातांनी उचलून ओसरीवर आणून ठेवलं. हे ती शेवटी काढणार होती. पोतं फक्त म्हाताऱ्याचं मन राखायला होतं.

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली. “कोऱ्या. दुसऱ्यांदा वापरलेली एकही नाही. सणाला आपल्याकडे अठ्ठेचाळीस घरं येतात, प्रत्येक घराला एक.”

तिने खोक्यातून एक कागद काढून दिला. बाटल्यांच्या कारखान्याचा दाखला. किती दाबाला तपासली, कधी तपासली, खाली सही, शिक्का.

ब्रदरांनी कागद उन्हात धरला. त्याला टिचकी मारली.

“वाजत नाही,” ते म्हणाले, आणि कागद चहाच्या कपाखाली ठेवला.

मावशी फुगलेली होती तरी हसली.

जोविताने पहिली बाटली स्वतः काढून दिली. तपकिरी, बुडाशी जाड, खांद्याला गोल. ब्रदरांनी ती उजेडासमोर धरली. एक बुडबुडा नाही. टिचकी मारली. चॅपलमधल्या लहान घंटेसारखी वाजली. तोंडात अंगठा फिरवला, सुलटा, उलटा.

मग त्यांचा हात खाली सरकला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. ती दोन ताठ बोटं बाटलीच्या खांद्यावर येऊन थांबली.

“हे काय?”

जोविता याच प्रश्नाची वाट बघत होती.

“नाव. आपल्या घराचं. खाली साल, आणि बाजूला छोटा क्रूस.” ती भरभर बोलू लागली. “बाजारात भांड्यांचं दुकान नाही का, तिथे घातलं. पातेल्यांवर नावं घालायचं ते टर्रर्र करणारं मशीन असतं ना, त्याने. तो नाहीच म्हणत होता, काचेवर कधी केलं नाही म्हणे. मी दोन तास उभी राहून अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीसांवर घालून घेतलं.”

ब्रदर ऐकत होते. बाटलीला नव्हे, तिला.

“आपल्याकडे नावाशिवाय भांडं असतं का, ब्रदर? लग्नातला हंडा असो, बारशाचा पेला असो, नाव घातलं की ते घरचं होतं. माझ्या आईने मला तिकडे पाठवताना डब्यावरसुद्धा नाव घालून दिलं होतं. पाच वर्षं त्या परक्या खोलीत मी ते नाव वाचून जेवले. मला वाटलं... बाटली कारखान्याची असली तरी आपली व्हावी.”

ब्रदरांनी नावावरून बोट फिरवलं. सावकाश, एकेक अक्षर.

“अक्षर छान आहे,” ते म्हणाले.

बावखलात कुठेतरी मासा उडाला. मावशीने पदराने वारा घेतला.

ब्रदर पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागले...

“भरू या,” ते म्हणाले.

“काय?”

“भरू या म्हटलं. पटल्या.”

जोविताला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तोवर ब्रदर भिंतीला धरून उठले होते. आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या छातीशी बरणी होती, पिवळसर, खांद्यावर तपकिरी पट्टा, तोंडाला कापड बांधलेलं. ती त्यांनी जोविताच्या मांडीवर ठेवली.

“घे. तुझी.”

मावशीचं तोंड उघडं राहिलं. “ब्रदर! इतक्यात?”

जोविताने बरणीला दोन्ही हातांनी वेढा घातला. थंडगार होती. तिने कपाळ बरणीच्या कापडाला टेकवलं. वास घ्यायचंही तिला सुचलं नाही. प्रयोगशाळा, बर्फाळ सकाळी, एकटीने खाल्लेली नाताळची जेवणं, सगळं त्या क्षणी वसूल झालं असं तिला वाटलं.

ब्रदर तोटीशी जाऊन बसले. आधी चुगलखोर भरला, झाकण पिळून बाजूला ठेवला. मग हात मागे केला.

“दे पहिली.”

तिने बरणी जपून शेजारी ठेवली आणि खोक्यातून बाटली उचलली.

आणि ती तिच्याच हातात राहिली.

“ब्रदर... बाकीच्या सत्तेचाळीस?”

“काय सत्तेचाळीस?”

“तुम्ही वाजवल्या नाहीत. बघितल्यासुद्धा नाहीत.”

“तू बघितल्यास ना?”

“हो, पण...”

“मग झालं. माझा तुझ्यावर विश्वास आहे.”

विश्वास. हा शब्द या ओसरीवर ब्रदरांच्या तोंडून तिने तीन महिन्यांत एकदाही ऐकला नव्हता. मावशीच्या रश्श्याला तो मिळाला नव्हता. तिच्या धुतलेल्या पोत्याला मिळाला नव्हता. तो तिला आता, फुकट, सत्तेचाळीस न पाहिलेल्या बाटल्यांवर मिळत होता.

तिच्या पाठीवर काटा आला.

का? कंटाळले? दमले? की बरणी कधीच दुसऱ्याला देऊन झालीय आणि ही नुसती समजूत? की सणाच्या दिवशी, सगळ्या गावासमोर...

“दे की,” ब्रदर म्हणाले. त्यांचा हात मागे तसाच पसरलेला होता. तीन बोटं वाकलेली, दोन ताठ.

ती त्या दोन बोटांकडे बघत राहिली. तीन महिने रोज बघत होती. विचारलं कधीच नव्हतं.

“ब्रदर, ही बोटं कशाने गेली?”

“बाटलीने.”

“कसली बाटली?”

“मिस्साच्या वाइनची. रिकामी झालेली. जाड, सुंदर, अगदी तुझ्यासारखी... तुझ्या या बाटलीसारखी. मी तेव्हा पंचविशीतला. सगळ्या बाटल्या वाजवल्या, उजेडात धरल्या. पाच-सहा फेकल्या.”

“आणि ती?”

“ती कशी वाजवणार? ती वेदीजवळून आलेली.”

ते एवढंच बोलले. हात पसरलेलाच होता.

जोविता उठून ओसरीच्या कडेला गेली. ऊन आता तिरपं झालं होतं. तिने बाटली आडवी धरली, खांदा उजेडाकडे. मग नावावर नख ठेवलं आणि ओढलं.

मशीनने अक्षरं रेषांनी काढली नव्हती, ठिपक्यांनी काढली होती. नख प्रत्येक ठिपक्यात अडलं. टक. टक. टक. टक. घराच्या नावाला किती ठिपके होते ते मोजायला ती थांबली नाही. शेवटी साल होतं. मग क्रूस. क्रुसाच्या मध्यावर, जिथे दोन रेघा भेटतात, तिथून केसाएवढी एक बारीक चकाकी खाली उतरत होती. बाटली हलवली की दिसायची, स्थिर धरली की जायची.

पायरीवर मावशीची हिरवी बाटली उभी होती. एका रेघेची.

जोविताने आपली बाटली तिच्या शेजारी ठेवली.

मावशीने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. “माझ्या बाटलीवर एक रेघ होती तर हाकललीस,” ती म्हणाली. पण तिच्या आवाजात टोमणा पुरता उतरला नाही. “हिच्यावर तर अख्खं पान लिहिलंय गे.”

अठ्ठेचाळीस घरं. जेवणाचं टेबल. कुणीतरी बाटली तोंडाजवळ धरून बूच उघडणार...

जोविता तोटीपाशी आली. ब्रदरांच्या पसरलेल्या हातात तिने काहीच ठेवलं नाही.

“नको,” ती म्हणाली. “यांच्यात नको.”

“का? अक्षर छान आहे.”

“काचेला वाचता येत नाही, ब्रदर. तिला फक्त ओरखडा कळतो.”

“दाखला आहे की. शिक्का आहे.”

“तो नाव घालायच्या आधीचा.”

ब्रदरांनी हात मांडीवर ठेवला. “मग आज भरायचं कशात? उद्या ही चपटी.”

तिने उजवीकडच्या बाटल्या पाहिल्या. पाच. पोत्यात अजून थोड्या असतील, त्यांतल्या दोन-तीन निघतील. तिने चुगलखोराकडे पाहिलं. तो शांत होता.

“सोड्याच्या प्लास्टिकच्या आणते,” ती म्हणाली. “बाजारातून. आत्ताच जाते.”

“आणि तुझं तत्त्व?”

“त्याला मी सणानंतर तोंड देईन.”

मावशी पायरीवरून बाजूला सरकली.

जोविता वाकली. बरणी उचलली. ती मघाशी कशी धरली होती आणि आता कशी उचलली, हे फक्त मावशीने पाहिलं. तिने ती ब्रदरांच्या पुढ्यात ठेवली.

“ही पण घ्या. बाटल्या पटल्या तर बरणी, असं ठरलं होतं. मलाच पटल्या नाहीत.”

“केळीच्या बुडात जाईल मग.”

तिने बरणीवरचा हात काढून घेतला.

“तुमची आहे. तुम्ही ठरवा. पण त्या गाडीवाल्याला देणार असाल, तर...” ती थांबली. “तर त्याच्याही बाटल्या वाजवून घ्या. दाखल्यावर जाऊ नका. तो दाखला छान आणेल.”

ब्रदर बस्त्याव बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. बाटलीकडे बघायचे तसेच, उजेडाच्या बाजूने.

मग त्या दोन ताठ बोटांनी त्यांनी बरणी तिच्याकडे ढकलली.

“उचल.”

“ब्रदर...”

“उचल म्हटलं.”

तिने उचलली. कुशीत घेतली. आणि तीन महिन्यांच्या सवयीने, मनात काही नसताना, बोटाचं पेर बरणीच्या अंगावर वाजवलं.

ठप्.

ती थांबली. बरणी फिरवली. दुसऱ्या अंगाला वाजवलं.

ठप्.

अखंड चिनी माती अशी वाजत नाही.

तिने ब्रदरांकडे पाहिलं. ब्रदर बावखलाकडे बघत होते. तिने खाली बसून कापडाची गाठ सोडली आणि नाक आत घातलं. केळं नव्हतं. लवंग नव्हती. आंबूस, ओळखीचा, सकाळच्या चुलीचा वास होता.

मावशीने पदर तोंडात कोंबला.

“ही चिरलेली आहे,” जोविता हळू आवाजात म्हणाली. “आणि हे आंबवण नाही.”

“कालची पेज,” ब्रदर म्हणाले. “गाडीवाला काल आला होता, तो परवाची पेज घेऊन गेला... खरी माझ्या खाटेखाली आहे, बाय. काढ. पण तीही वाजवून घे.”